विहिरीच्या ग्रंथातलं पान

जेमायमा पेझारकरला पुस्तकं वाचायचा नाद कधीच नव्हता. तिचा नाद पुस्तकं शिवायचा. अलिबागजवळच्या पेझारीहून आईबापांबरोबर ती लहानपणीच मुंबईला आली आणि चौदाव्या वर्षी डोंगरीत करीमउस्तादांच्या बायंडिंगच्या कारखान्यात लागली. तिथं मराठी, गुजराती, उर्दू, अरबी अशी सगळ्या जातींची पुस्तकं येत. उस्तादांनी तिला जुजबंदी शिकवली. पाच कागद मधोमध दुमडले की दहा पानांचं एक जुज होतं, आणि अशी जुजं एकावर एक ठेवून कण्याला शिवत जायचं. शिवण्याआधीचा एक धडाही त्यांनी तिच्याकडून घोकून घेतला होता. जुन्या अरबी हस्तलिखितात उजव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो खूणशब्द पुढच्या पानाशी ताडून बघायचा. "वाचता नाही आलं तरी चालेल, बेटी," उस्ताद म्हणायचे. "दोन चेहरे सारखे आहेत की नाहीत, एवढंच बघ."

चोपन्न साली ती नवरा जॉशुआ आणि मुलगी रूत यांच्यासह इस्राएलात, हैफाला आली. जॉशुआ मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता, इथं बंदरावर क्रेनच्या डागडुजीला लागला. जेमायमानं तीन वर्षं एका शाळेच्या फरशा पुसल्या. मग खालच्या गावात, बंदराच्या मागच्या गल्लीत, मिखाएल नावाच्या रुमानियन म्हाताऱ्याचं बायंडिंगचं दुकान तिला दिसलं. ती आत शिरली, टेबलावरचं अर्धवट शिवलेलं पुस्तक उचललं आणि एक अक्षर न बोलता पुढचं जुज शिवून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर होती.

त्रेसष्ट सालच्या मार्चमध्ये त्या दुकानात विहिरीचा ग्रंथ आला.

तिघं जण तो घेऊन आले. पुढं बिन्यामिन, अरबी गावांची कामं बघणाऱ्या एका सरकारी कचेरीतला अधिकारी. चाळिशीचा, मृदू बोलणारा, अस्खलित अरबी येणारा. त्याच्या मागं सलीम नावाचा कोट घातलेला तरुण, आणि सलीमचा चुलता शेख वदीअ. ग्रंथ म्हाताऱ्याच्या छातीशी होता, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. हैफापासून बसनं दीड तासावर, डोंगराच्या कुशीत ऐन-मुरजा नावाचं त्यांचं गाव होतं. बोली अरबी, पण ते मुसलमान नव्हते, ख्रिस्ती नव्हते, ज्यूही नव्हते. त्यांचा धर्म वेगळाच, आणि तो पाळणारं उभ्या जगात ते एकच गाव.

"आम्ही दलवी," म्हातारा मोडक्या हिब्रूत म्हणाला.

"दळवी?" जेमायमाला हसू आवरेना. "आमच्या भायखळ्याच्या पोस्टात एक दळवी होते."

"दलव म्हणजे बादली, बहिणी. आम्ही बादलीवाले."

बादलीवाल्यांचा देव मूर्तीत नव्हता की आभाळात नव्हता. तो पाणी पाजण्यात होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या कुणा मूळपुरुषानं गावच्या झऱ्यापाशी बसून हा ग्रंथ लिहिला, आणि त्याची हीच एक प्रत. वाचायचा अधिकार सात वडीलधाऱ्यांना. त्यांतले सहा गेले होते, वदीअ उरला होता. त्याला सगळा ग्रंथ तोंडपाठ होता. सलीमला त्यानं नुकतंच वाचायला बसवलं होतं.

ग्रंथाचा कणा सुटला होता, कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. कचेरीनं तो दुरुस्त करून, फोटो काढून छापायचं ठरवलं होतं. "गावाला सरकारची भेट," बिन्यामिन म्हणाला आणि म्हाताऱ्यासाठी स्वतः खुर्ची ओढून आणली.

ग्रंथ एकटा ठेवायचा नाही, हा दलव्यांचा नियम. म्हणून काम चाललं तितके दिवस वदीअ रोज पहिल्या बसनं यायचा आणि जेमायमाच्या टेबलापाशी बसून राहायचा. त्या काळात त्याच्या गावच्या माणसाला बाहेर पडायचं तर लष्करी परवाना लागे. तो कागद तो टोपीच्या घडीत ठेवायचा. दुपारी जेमायमा आपल्या डब्यातली चपाती-भाजी त्याच्यापुढं सरकवायची, तो ऑलिव्ह आणि कांदा तिच्यापुढं. दोघांचीही हिब्रू यथातथाच, त्यामुळं बोलणं सावकाश चाले आणि नीट समजे.

एकदा चौथ्या जुजातलं एक पान सरळ करताना त्यानं तिचा हात थांबवला आणि तळच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ. हिच्यापायी गावात भाऊ भावाशी बोलत नाही."

"काय आहे तिच्यात?"

"ज्याच्या हाती दोर, त्याची विहीर."

जेमायमानं जरा विचार केला. "म्हणजे जो मालक, त्याचं ऐकायचं?"

"सलीम असंच म्हणतो. तुर्क होते तेव्हा दोर तुर्कांच्या हाती, मग इंग्रजांच्या, आता यांच्या. म्हणून झरा मागतात तर द्या, लष्कराला पोरं मागतात तर द्या. पण वाक्य इथं संपत नाही. समोरचं पान वाचावं लागतं." त्यानं समोरच्या पानावर बोट नेलं आणि डोळे मिटूनच पुढचं म्हटलं. "'जोवर तो आधी दुसऱ्याला पाजतो तोवर. ज्या दिवशी तो आधी स्वतः पिईल, त्या दिवशी सात माणसांनी त्याच्या हातचा दोर काढून घ्यावा.' आता पोरं काय म्हणतात? ती म्हणतात, हे सरकारविरुद्ध लिहिलंय. गेल्या साली शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'सात माणसं कुठं आहेत?' सहा पोरांना पकडून नेलं."

"आणि तुम्ही काय म्हणता, शेख?"

"मी म्हणतो, हे विहिरीबद्दल आहे. गावात पाण्यावरून भांडणं व्हायची, म्हणून लिहिलं. त्या ओळीला ना तुर्क ठाऊक, ना हे." म्हातारा उदास हसला. "पण माझं कोण ऐकतो? ज्याला जे हवं, तेवढंच पान तो वाचतो."

हे मात्र जेमायमाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात गेले सात महिने तेच चाललं होतं. रूतचं लग्न दोव नावाच्या, बंदरावरच्याच एका पोलिश घरच्या मुलाशी ठरलं होतं. बासष्टच्या उन्हाळ्याअखेरीस दोघं नोंदणीला गेली, आणि रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कचेरीत रूतला विचारलं गेलं, तुझी आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण? भारतातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या लग्नांत अशी चौकशी करायचे हुकूमच त्या साली निघाले होते. शास्त्रात सोडचिठ्ठीचे, सोयरिकीचे जे नियम आहेत ते कोकणात दोन हजार वर्षं कुणी पाळले की नाही, याचा म्हणे पुरावा हवा.

"पुरावा काय देऊ?" जॉशुआ घरी येऊन ओरडला होता. "पेझारीत आमचा तेलाचा घाणा शनवारी बंद असायचा. गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. हा पुरावा नाही?"

कारकून सभ्य होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि फाइल वर ठेवली. तेव्हापासून ती वरच होती. दोवच्या आईनं हळूहळू येणं बंद केलं. रूत मराठीतल्या प्रश्नाला हिब्रूत उत्तर द्यायची, ती आता उत्तर देईनाशी झाली. एका शनिवारी जेवताना ती आईला एकदम हिब्रूत म्हणाली, "इमा, पुस्तकात आपलं नाव कुठं लिहिलंय ते ते शोधतायत. नाही सापडलं तर मी कोण?" जेमायमानं मुलीच्या ताटात भात वाढला.

एप्रिलच्या अखेरीस ग्रंथ उसवून झाला. जेमायमानं पानं मोजली, खूणशब्द ताडले. एकवीस जुजं, प्रत्येकात दहा पानं, कुठंही खोट नाही. तिनं तसं कागदावर लिहून मिखाएलला दिलं. मग सुटी जुजं फोटो काढायला कचेरीत न्यायची होती. वदीअनं बरोबर जायचा हट्ट धरला. पण त्याच आठवड्यात त्याच्या परवान्याची मुदत संपली आणि नवा मिळायला एकवीस दिवस लागले. सलीमनं चुलत्याच्या वतीनं सही केली. ग्रंथ एकटा गेला.

तो परत आला तेव्हा जेमायमानं सवयीनं पुन्हा मोजणी केली. चौथ्या जुजात नऊ पानं भरली. तिनं परत मोजलं. मग खूणशब्द बघितला. तळाच्या कोपऱ्यातला शब्द आखूड होता, वर दोन टिंबं असलेला, आणि समोरच्या पानाचा पहिला शब्द लांबलचक, वळणावळणाचा. दोन चेहरे एकमेकांना ओळखत नव्हते. तिनं जुज उघडून उजेडात धरलं. मधल्या घडीशी बोटभर रुंदीची पट्टी उभी होती. पान धारदार पात्यानं सरळ कापलं होतं.

ती मिखाएलकडं गेली. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि पुन्हा खाली केला. "जेमायमा, मी तीन देश बदलून इथं आलोय," तो म्हणाला. "मला कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. तू शिव."

"मी नाही शिवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिन्यामिन आला. मिखाएल काहीतरी आणायला म्हणून बाहेर गेला. बिन्यामिन तिच्या टेबलापाशी, वदीअच्या खुर्चीवर बसला.

"ते पान आधीपासूनच नव्हतं," तो म्हणाला.

"होतं. मी मोजलंय. आणि कापाची कड पांढरी आहे, साहेब. जुना काप पिवळा पडतो."

तो रागावला नाही. त्यानं ते जुज मिटून बाजूला ठेवलं. "पेझारकरबाई, गेल्या वर्षी त्या एका ओळीपायी सहा पोरं आत गेली. उद्या कुणी गोळी झाडेल, मग लष्कर गावात शिरेल. मी त्या गावाचा शत्रू नाही. एक पान नसल्यानं माणसं जगणार असतील तर ते नसलेलं बरं." मग आवाज न बदलता तो म्हणाला, "तुमच्या मुलीचं लग्न अडकलंय असं मिखाएल सांगत होता. त्या कचेरीत माझ्या ओळखीचा एक जण आहे. मी शब्द टाकून बघतो. हे शिवून होऊ द्या. आणि त्या कापलेल्या पट्टीवर पातळ कागद चिकटवा, म्हणजे तिथं जुनी डागडुजी आहे असं दिसेल."

त्या सकाळी जेमायमाच्या डोळ्यांपुढं काय काय आलं, हे तिनं पुढं फक्त जॉशुआला सांगितलं. वदीअचा चेहरा आला होता, खोटं का बोला. पण त्याच्या आड रूतचा आला. एक पान परक्या लोकांचं, न वाचता येणाऱ्या लिपीतलं. त्याच्यापुढं आपली एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, खिडकीपाशी बसून दिवस मोजणारी. तिनं खळ शिजवायला ठेवली. पट्टी भरपूर खळीनं माखली, वर तांदळाचा पातळ कागद बसवला आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत हाडाच्या पट्टीनं घासला. असं सफाईदार काम तिच्या हातून फार वर्षांत झालं नव्हतं. वदीअचा परवाना आला तोवर ग्रंथ शिवून कचेरीत गेला होता.

ऑक्टोबरात ग्रंथ छापून आला. सुंदर कागद, तळचे खूणशब्द छाटलेले फोटो, पुढं हिब्रू प्रस्तावना. तीत लिहिलं होतं की सत्तेशी निष्ठा हा दलवी धर्माचा गाभा आहे, आणि आधाराला ती ओळ होती. ज्याच्या हाती दोर, त्याची विहीर. गावातल्या प्रत्येक घरी एक प्रत वाटली, शाळेत मुलांकडून ती ओळ पाठ करून घेतली. सलीम गावच्या सभेचा प्रमुख झाला. नोव्हेंबरात त्यानं भर सभेत ती ओळ वाचून दाखवली आणि झऱ्याच्या कागदांवर अंगठे घेतले. झऱ्याला तारेचं कुंपण पडलं, पंप बसला. पाणी खाली नव्यानं वसवलेल्या वस्तीकडं वळलं. ज्यांचा देव पाणी पाजण्यात होता, त्यांना दिवसातून दोन तास नळ आला.

सभेत एकटा वदीअ उभा राहिला होता. वाक्य अपुरं आहे, असं म्हणून त्यानं पुढचं म्हणून दाखवलं. सलीम म्हणाला, "काका, ग्रंथ समोर आहे. दाखवा कुठं लिहिलंय." म्हाताऱ्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली. सभा बघत होती. मागून कुणीतरी हसलं. काही तरुण त्याच्या बाजूनं उठले, पण त्यांना दाखवायलाही काही नव्हतं. त्या दिवसापासून गावात सांगितलं जाऊ लागलं की वदीअची स्मृती गेली, तो आपल्या मनचं ग्रंथात घालतो. पुढच्या आठवड्यात त्याचा वाचनाचा अधिकार काढून घेतला.

डिसेंबरमध्ये तो दुकानात आला. बाहेर पाऊस होता, त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं. तो खुर्चीवर बसला नाही.

"बहिणी, तू पानं मोजली होतीस. माझ्यादेखत. ते पान होतं ना?"

मिखाएलचं मशीन थांबलं. जेमायमाच्या हातात सुई होती. फाइल अजून वरच होती. बिन्यामिननं दोनदा निरोप पाठवला होता, चौकशी चालू आहे, धीर धरा.

"शेख," ती म्हणाली, "मला तुमची लिपी वाचता येत नाही."

"वाचायचं नाही विचारत. मोजायचं विचारतो."

तिनं सुई पुन्हा कागदात घातली. "मग बहुतेक माझंच चुकत असेल," असं म्हणून तो पावसात निघून गेला. त्या वाक्यात टोमणा असता तर तिला सोसलं असतं. पण म्हातारा खरोखरच स्वतःवर शंका घेऊ लागला होता, आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात बेर्शेबा, अश्दोद, किर्यात मलाखी, सगळीकडून बेने इस्राएल जेरुसलेमला जमले आणि रस्त्यावर बसले. बायका, म्हातारे, तान्ही मुलं. जॉशुआ रजा काढून निघाला.

"तूपण चल गे. रूतसाठी तरी चल."

"आपलं काम होणार आहे. उगाच कशाला तोंड दाखवायचं? त्या साहेबाला कळलं तर?"

"कुठला साहेब?" जॉशुआनं विचारलं. तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पिशवी भरता भरता थांबला. तिच्याकडं बघत राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी बघितलं नव्हतं. मग पिशवी उचलून तो गेला. रूतही त्याच्याबरोबर गेली. तीन आठवडे दोघं फुटपाथवर झोपली. जेमायमा रोज दुकानात जात होती आणि घरी येऊन रेडिओ ऐकत होती.

ऑगस्टच्या अखेरीला बातमी आली. संसदेत चर्चा झाली, रब्बींना हुकमातला बेने इस्राएलांचा उल्लेख काढावा लागला. सप्टेंबरात रूतची फाइल खाली आली. ज्यांच्या कुणाच्या अडल्या होत्या त्यांच्याही आल्या, ओळख असो नसो.

तरीही जेमायमा बिन्यामिनच्या कचेरीत गेली. आभार मानायला चाललेय, असं ती स्वतःला सांगत होती. त्यानं तिला ओळखलं, बसायला सांगितलं, कॉफी मागवली.

"माझ्या रूतचं झालं, साहेब."

"अरे वा! कोण रूत?"

"माझी मुलगी. तुम्ही शब्द टाकणार होतात."

त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग त्याला आठवलं. "हां, हां. कामाच्या गर्दीत राहून गेलं बघा. पण झालं ना? छान झालं." तो मनापासून हसला. जेमायमानं कॉफी तशीच ठेवली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी कामाला न जाता तिनं ऐन-मुरजाची बस धरली. बस चढ चढत होती तेव्हा ती वाक्यं जुळवत होती. शेख, पान होतं. मी मोजलं होतं. मी झाकलं.

वदीअचं घर विचारल्यावर एका बाईनं नुसता हात केला. दारात त्याची बायको नाईफा बसली होती, काळ्या ओढणीत. वदीअ जूनमध्येच गेला होता. शेवटच्या दिवसांत तो ग्रंथ म्हणायचा आणि मध्येच थांबायचा. हे असंच आहे ना, असं भिंतीला विचारायचा. नाईफाची हिब्रू जेमायमाहूनही तोकडी होती, पण एवढं तिनं नीट सांगितलं.

जेमायमानं तिच्यापुढं सगळं ओतलं. नाईफा रडली नाही की ओरडली नाही. तिनं चपला घातल्या, जेमायमाचं मनगट धरलं आणि तिला सभेच्या घरी नेलं. ग्रंथ तिथं काचेच्या पेटीत होता, किल्ली सलीमकडं. नाईफाच्या आवाजानं पंचवीस-तीस माणसं जमली. सलीमला पेटी उघडावी लागली.

"चौथं जुज," जेमायमा म्हणाली. "इथं पातळ कागद आहे. ओला फडका द्या."

तिनं कागद भिजवून अलगद उचलला. खाली कापलेली पट्टी होती. गर्दीत कुजबुज झाली. "हे बघा, पान होतं! कचेरीत कापलं!"

सलीम वाकला. पट्टीवरून बोट फिरवलं आणि ताठ उभा राहिला. "पान होतं, खरं आहे. वाळवी लागलेलं कुणी काढलं असेल, माझ्या आज्यापणज्यानं. काप जुना आहे. बघा, कड तपकिरी झालीय."

जेमायमानं पाहिलं. कड खरंच तपकिरी झाली होती. तिनंच माखलेली खळ सव्वा वर्षात कागदात मुरली होती. पांढरा काप आता कुणालाही दाखवता येणार नव्हता. मूळ मोजणीचा कागद तेवढा मिखाएलच्या खणात होता.

"आणि त्या पानावर काय होतं," सलीम पुढं म्हणाला, "हे या परक्या बाईला कसं ठाऊक? तिला वाचता येतं?"

"नाही," जेमायमा म्हणाली. "शेखांनी मला सांगितलं होतं."

कुणीतरी पुन्हा हसलं. एका तरुणानं सलीमच्या कोटाला हात घातला, दुसऱ्यानं त्याला ढकललं, काच फुटली. नाईफानं जेमायमाला मागच्या दारानं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी लष्कराची जीप गावात आली आणि चार जणांना घेऊन गेली. ते जेमायमाला नंतर कळलं.

परत आल्यावर तिनं मिखाएलकडं तो मोजणीचा कागद मागितला. तो म्हणाला, कचेरीवाले मागंच घेऊन गेले. आठवड्याभरानं कचेरीची सगळी कामं दुकानातून गेली आणि मिखाएलनं तिला, डोळे न भिडवता, दुसरीकडं बघायला सांगितलं. ती बिस्किटांच्या एका कारखान्यात डबे भरायला लागली.

रूतला तिनं लग्नाच्या दोन आठवडे आधी सांगितलं. न सांगता मुलीला मेंदी लावणं तिला जमेना. रूत ऐकत राहिली आणि बऱ्याच वर्षांनी सबंध वाक्य मराठीत बोलली. "आई, मी सांगितलं होतं काय तुला?" मग ती आपल्या खोलीत गेली. नोव्हेंबरात लग्न झालं. मायलेकी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. जॉशुआ मांडवात सगळ्यांना हसतमुखानं भेटला आणि घरी आल्यावर बूट न काढताच बसून राहिला.

लग्नानंतरच्या सुट्टीच्या दिवशी जेमायमा पुन्हा ऐन-मुरजाला गेली. नाईफानं तिला आत घेतलं, हे काही कमी नव्हतं. बायकांना ग्रंथ वाचायची मुभा नव्हती. पण पन्नास वर्षं नवरा पलीकडच्या खोलीत म्हणायचा ते नाईफाच्या कानांवर पडत आलं होतं. त्या कापलेल्या पानातलं तिला जेवढं आठवेल तेवढं ती म्हणू लागली, आणि जेमायमानं ते वहीत उतरवलं, अरबी बोल बाळबोध अक्षरांत, अर्थ न कळता, जसं ऐकू येईल तसं. ती वही कुणी मानणार नव्हतं. सलीम नाही, कचेरी नाही, सात माणसं शोधणारी ती पोरंही नाहीत, कारण त्यांना एकच ओळ हवी होती.

डिसेंबरात ती तिसऱ्यांदा गेली. त्या दिवशी नाईफानं तेच पान पुन्हा म्हटलं, तेव्हा दोन ठिकाणी शब्द वेगळे आले. जेमायमानं मागचं पान उलटून ताडून बघितलं. मग नाईफाला काही न सांगता तिनं नवे शब्द जुन्यांच्या खाली लिहिले, आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.